न जुळलेला नंबर

मत्वेय इल्यिच,

मंडळाच्या अंकासाठी तुमच्यावर पानभर लिहून द्या, असं अध्यक्ष नाडकर्णींनी मला फोनवर सांगितलं. "वसंतराव, तुम्हीच लिहायला हवं. बिल्डिंगमध्ये तुमच्याइतकं जवळचं त्यांना कोण होतं? जरा टची असं काहीतरी येऊ द्या," म्हणाले. मी हो म्हटलं. लिहितोही आहे. पण त्यांना हवं आहे ते हे नाही. छापायचं नसेल तर त्यांनी छापू नये. मी याच्या प्रती काढीन आणि आपल्या इमारतीच्या चौदाही मजल्यांवर, जिथे जिथे मराठी माणूस राहतो त्या प्रत्येक दाराखालून आत सरकवीन. वाकताना गुडघे दुखतात. दुखू देत.

तुम्ही कुठे जन्मलात, काय शिकलात, कॅनडात स्कारबरोला लेकीकडे कधी आलात, हे सगळं तिनंच, लारिसानं, अंत्यविधीच्या वेळी सांगितलं. ते मी पुन्हा सांगत नाही. मला बोलायचं आहे ते तुमच्या कोटाच्या आतल्या खिशात असायच्या त्या पदकाबद्दल. ते पदक तुमचं नव्हे, कुठल्या तरी जुन्या बाजारात विकत घेतलेलं आहे, असं या इमारतीत पाच-सहा वर्षं बोललं गेलं. हे पहिल्यांदा कुणी म्हटलं ते कुणालाच ठाऊक नाही, अशी सगळ्यांनी सोयीस्कर समजूत करून घेतली आहे.

पहिल्यांदा मी म्हटलं.

आता हे लिहून झालंय, तेव्हा बाकीचं सावकाश सांगतो.

आपण भेटलो बेसमेंटमधल्या लाँड्रीत. तुम्ही वॉशिंग मशीनला रशियनमध्ये शिव्या घालत होतात. मी ती भाषा पस्तीस वर्षांत ऐकली नव्हती. तरुणपणी भिलाईच्या पोलाद कारखान्यात रशियन इंजिनिअरांच्या हाताखाली काम केलं, तेव्हा भट्टीशेजारी उभ्यानं शिकलेली ती भाषा. तेवढ्या भांडवलावर मी तुम्हाला सांगितलं की साबण चुकीच्या कप्प्यात घातलाय. तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "तुम्ही क्रेन चालवणाऱ्यासारखं बोलता. पण बोलता." मग माझं नाव विचारलंत, वडिलांचं नाव विचारलंत. तुमच्याकडेही आमच्यासारखंच, माणसाच्या नावाला बापाचं नाव चिकटलेलं. त्या दिवसापासून मी वसंत गोविंदोविच झालो. माझे वडील सांगलीला शाळामास्तर होते. आपलं नाव कधी असं वळण घेईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

आमचं मराठी ज्येष्ठांचं मंडळ दर मंगळवारी दुपारी खालच्या पार्टी रूममध्ये जमायचं. मीच तुम्हाला तिथे घेऊन गेलो. तुम्हाला मराठी येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम, पण कॅरमला भाषा लागत नाही. दोन महिन्यांत तुम्ही आम्हा सगळ्यांना हरवायला लागलात. राणी घेतली की लगेच कव्हर. माझी राणी मात्र नेहमी कव्हरवाचून परत जायची आणि तुम्ही मान हलवून म्हणायचात, "वसंत गोविंदोविच, बाईमाणसाला असं एकटं सोडू नये." मी ते मराठीत सांगितलं की बायका हसायच्या आणि तुमच्या बशीत आणखी पोहे यायचे. माझी बायको शैला तुमच्यासाठी हिरवी मिरची वगळून वेगळे पोहे करायची. तुम्हाला ते कळलं तेव्हा तुम्ही मिरची मागून घेतलीत आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना सगळी खाल्लीत. तुम्हाला सवलत दिलेली कधीच आवडली नाही. हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मग तो नोव्हेंबर आला. अकरा तारखेला इथे सगळे कोटावर पॉपीचं लाल फूल लावतात आणि लढाईत गेलेल्यांसाठी दोन मिनिटं गप्प उभे राहतात. आपल्यातच एक खराखुरा सैनिक बसतो हे नाडकर्णींच्या लक्षात आलं आणि त्यांनी पार्टी रूममध्ये तुमच्या सत्काराचा घाट घातला. नगरसेवकाला बोलवायचं ठरलं, शाल आणली, तुमची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी तुमच्याकडे कागद मागितले. तुम्ही पदक दिलंत आणि बरोबर घडी पडून पडून चार तुकडे व्हायला आलेलं एक प्रमाणपत्र.

ते पदक मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं. चांदीचं, वर तीन छोटी विमानं, खाली रणगाडा, मधे लाल अक्षरांत लिहिलेलं: धैर्यासाठी. राखाडी फीत, कडेला निळी रेघ. मी ते उलटं केलं. मागची बाजू साधी, गुळगुळीत, आणि तिच्यावर कोरलेला नंबर. प्रमाणपत्रावरही नंबर होता. मी भिंग आणलं. दोन्ही नंबर शेवटच्या दोन आकड्यांत वेगळे होते.

मी कोण होतो हे इथे सांगायला हवं. मिसिसागाच्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं विमानाच्या चाकांचे भाग तपासले. प्रत्येक भागावर नंबर कोरलेला असतो, त्याच्या कागदावर तोच नंबर असतो. दोन्ही जुळले तर भाग पुढे जातो. जुळले नाहीत तर तो भाग कितीही देखणा असो, त्याला लाल टॅग बांधायचा आणि नाकारलेल्या मालाच्या पिंजऱ्यात टाकायचा. मी कधी टॅग बांधायला कचरलो नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. निवृत्त झाल्यापासून कुणी मला काही तपासायला दिलं नव्हतं. तुम्ही दिलंत.

शैला म्हणाली, "अहो, आधी त्यांना विचारा तरी." मी तिला सांगितलं की यात विचारण्यासारखं काही नाही, नंबर म्हणजे नंबर. आणि मी नाडकर्णींना फोन केला. पदक खोटं आहे असं मी म्हणालो नाही, एवढी हुशारी माझ्यात होती. मी म्हणालो, "नंबर मॅच होत नाही. असली पदकं हल्ली रविवारच्या बाजारात ट्रेभर मिळतात. काय ते तुम्ही ठरवा." नाडकर्णींनी अर्ध्या तासात ठरवलं. पार्टी रूमचं बुकिंग दुसऱ्या कुणाचं निघालं असं तुम्हाला कळवलं गेलं. शाल कपाटात गेली. दोन आठवड्यांत सगळ्या मजल्यांना ठाऊक झालं. मला लिफ्टमध्ये एका बाईंनी विचारलं, "काय हो, ते रशियन आजोबा फ्रॉड आहेत म्हणे?" मी म्हणालो, "मलाही आत्ताच कळतंय."

मत्वेय इल्यिच, फोनचं मी अजून एक वेळ स्वतःला समजावू शकतो. लिफ्टमधल्या त्या वाक्याचं काही समजावता येत नाही.

पदक आणि कागद परत करायला मी आलो तेव्हा तुम्हाला सगळं कळलेलं होतं. तुम्ही दारातच उभे राहिलात. एकच प्रश्न विचारलात, "मला का नाही विचारलंत?" मी म्हणालो, नंबर जुळत नाही. तुम्ही म्हणालात, "नाहीच जुळत. कधीच जुळला नव्हता." आणि पदक खिशात टाकून दार लावून घेतलंत.

मला वाटलं, आता तुम्ही मंगळवारी येणार नाही. खरं सांगायचं तर मनातून मला तेच हवं होतं. पुढच्या मंगळवारी बरोबर दोन वाजता तुम्ही आलात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी घोटून केलेली. कुणी तुमच्याशी धड बोललं नाही. तुम्ही माझ्यासमोरची खुर्ची ओढलीत, सोंगट्या लावल्यात आणि मला दोन बोर्ड हरवलंत. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. बर्फ पडलं तरी, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा वॉकर घेऊनसुद्धा. नवीन आलेल्या कुणाला तरी कोपऱ्यात तुमच्याबद्दल कुजबुजून सांगितलं जायचं आणि तो माणूस वळून तुमच्याकडे बघायचा. तुम्ही त्याच्याकडे बघून मान लववायचात. पाच वर्षं तुम्ही हे केलंत. मी पाच वर्षं समोर बसून ते पाहिलं आणि माझी राणी घालवत राहिलो.

त्याच काळात शैलाला हॉस्पिटलात ठेवलं होतं, तेव्हाची एक दुपार. आमची लिफ्ट बंद होती. दार वाजलं म्हणून उघडलं तर तुम्ही, ब्याऐंशी-त्र्याऐंशीचे, नवव्या मजल्यापर्यंत जिने चढून आलेले, हातात बिटाच्या सुपाचं भांडं. धाप लागली होती, बोलता येत नव्हतं. भांडं माझ्या हातात दिलंत, भिंतीला टेकून पाच मिनिटं उभे राहिलात आणि खाली उतरून गेलात. मी ते सूप दोन दिवस पुरवून खाल्लं. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. भांडं धुऊन परत केलं, एवढंच केलं.

दीड वर्षापूर्वी मला कळलं की मॉस्कोच्या दप्तरखान्यानं युद्धातल्या बक्षिसांचे जुने कागद इंटरनेटवर ठेवले आहेत. लायब्ररीत जाऊन मी तीन दुपारी शोधलं आणि तुम्ही सापडलात. टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या पलटणीतला शिपाई. नीपर नदीच्या काठी पहाटेपासून दुपारपर्यंत तोफांच्या माऱ्यात चौदा वेळा तुटलेली तार जोडली. खाली शिफारस, सही, पदकाचं नाव. त्याच हुकमात आणखी दोन नावं होती, निकोलाय आणि रशीद. मी तो कागद छापून घेतला आणि उड्या मारायचंच काय ते बाकी ठेवून तुमच्या घरी आलो. वाटलं, आता सगळं मिटेल.

तुम्ही चष्मा लावून कागद वाचलात. मग खाली ठेवलात आणि म्हणालात, "एका कागदानं मला चोर केलं. आता दुसरा कागद मला सोडवायला आलाय. दोन्ही वेळा तुम्ही कागदच घेऊन आलात, वसंत गोविंदोविच."

मी कागदाची घडी घातली. म्हणालो, "आता विचारतो. नंबर का जुळत नाही?"

आणि तुम्ही सांगितलंत. ते मी इथे लिहितो आहे, कारण यातलं कुठल्याही दप्तरात नाही.

तार जोडायचं काम कसं असतं ते आधी तुम्ही समजावलंत. तार हातातून सरकू देत पुढे जायचं. जिथे हात रिकामा होतो तिथे ती तुटलेली. मग दुसरं टोक शोधायचं, कारण तोफगोळा ते कुठल्या कुठे फेकतो. सगळा वेळ ते दुसरं टोक शोधण्यात जातो आणि माणूस मरतो तो तेव्हाच. चौदा वेळा हे तुम्ही एकट्यानं केलं नव्हतं. तुम्ही, रशीद आणि निकोलाय, ज्याला तुम्ही कोल्या म्हणत होतात, आळीपाळीनं जात होतात. कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे चौदा लिहिलं गेलं. "तुमचा तो कागदही तपासला असतात तर त्यालाही लाल टॅग लागला असता," तुम्ही म्हणालात. माझ्या कामाचं मी तुम्हाला कधी तरी सांगितलं होतं, ते तुम्ही लक्षात ठेवलं होतंत.

दोन आठवड्यांनी पदकं आली. नवीन पदक दारूनं धुतल्याशिवाय छातीवर लावायचं नाही, अशी तुमच्यात रीत होती. मगात पदक टाकायचं, वर दारू ओतायची, एका दमात प्यायची आणि तळाचं पदक ओठांनी उचलायचं. तुम्हा तिघांत एकही मग धड उरला नव्हता. एकच जेवणाचा डबा होता. तिन्ही पदकं त्याच डब्यात पडली, डबा फिरला, आणि ज्याच्या ओठांना जे लागलं ते त्यानं छातीवर लावलं. सकाळी घरी पत्र लिहिताना रशीदनं नंबर पाहिले. त्याचं त्यालाच मिळालं होतं. तुमची आणि कोल्याची अदलाबदल झाली होती. कोल्या हसला, म्हणाला संध्याकाळी बदलू, आणि तारेचं रीळ पाठीवर घेऊन निघून गेला. तास-दीड तासात त्याला आणला.

"त्या सकाळी पाळी त्याची होती की माझी, हे आठवायचा मी अजून प्रयत्न करतो," तुम्ही म्हणालात. "पुरताना पदकं बदलता आली असती. दोन मिनिटांचं काम. पण त्याच्या छातीवरून काढायला माझा हात गेला नाही. मग मी ठरवलं की असंच राहील. माझं त्याच्यापाशी, त्याचं माझ्यापाशी."

युद्धानंतर लष्करी कचेरीतल्या एका कारकुनानं तुम्हाला बोलावून हेच विचारलं होतं. पदक हरवलं असं लिहून द्या, नवं नोंदवून घेऊ, म्हणाला. तुम्ही नाही म्हणालात. त्यानं धमकावलं, तुम्ही पुन्हा नाही म्हणालात. "तुम्ही दुसरे," मला म्हणालात. "दोघंही हुशार."

मी विचारलं की हे तेव्हाच का नाही सांगितलंत. तुम्ही जे म्हणालात ते मला शब्दन्‌शब्द पाठ आहे: "सांगितलं असतं तर तुमच्या अध्यक्षांनी ते माइकवर सांगितलं असतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. कोल्या टाळ्यांसाठी नाही." मग म्हणालात की तुम्ही जिवंत असेपर्यंत मी हे कुणाला सांगायचं नाही. गेल्यावर मला हवं ते करावं.

मी शब्द पाळला. पण खरं लिहायचं ठरवलंय तर हेही लिहितो की तो शब्द मला फार सोयीचा होता. कोल्याची गोष्ट सांगायला तुम्ही मनाई केली होती. "अफवा माझी होती" हे सांगायला तुम्ही कधीच मनाई केली नव्हती. ते मला कुठल्याही मंगळवारी उभं राहून सांगता आलं असतं. त्यानंतर सत्तरएक मंगळवार गेले.

आपला एक वाद अर्धा राहिला आहे, आणि तुम्ही गेलात म्हणून मी तो सोडून देणार नाही. नंबराला काही अर्थ नसतो असं तुमचं म्हणणं होतं. मला ते आजही मान्य नाही. आकाशातून खाली येणाऱ्या विमानाची चाकं नंबरावर उघडतात, आणि त्यात माणसं बसलेली असतात. मी नंबर वाचला यात माझी चूक नव्हती. तो मी तुम्हाला सांगायच्या आधी नाडकर्णींना सांगितला, ही होती. यावर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. म्हणून दाखवा.

नाडकर्णींना मी परवा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वसंतराव, आता कशाला? लेट इट गो. लोक विसरलेत." लोक विसरलेले नाहीत. तुमच्या अंत्यविधीला मंडळातून चार जण आले, त्यात मी आणि शैला धरून. मंडळातले आमचे पोपटराव गेले तेव्हा दोन व्हॅन भरून माणसं गेली होती. तुमच्यासाठी आणलेली शाल अजून नाडकर्णींच्याच कपाटात आहे. हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

पण नाडकर्णी सोपे होते. अवघड लारिसा होती.

तिला यातलं काही माहीत नव्हतं. तुम्ही तिला कधी सांगितलंच नाहीत. तुमच्याकडे माणूस गेल्यावर नववा आणि चाळिसावा दिवस पाळतात; नवव्या दिवशी तिनं मला जेवायला बोलावलं आणि म्हणाली, चाळिसाव्या दिवशी सगळे जमतील तेव्हा पपांचे सगळ्यात जवळचे मित्र म्हणून तुम्ही बोला. टेबलावर तुमचा फोटो होता, फोटोपुढे तिनं ते पदक ठेवलं होतं. मी चमचा खाली ठेवला आणि माझ्या त्या मोडक्या रशियनमध्ये पहिल्यापासून सगळं सांगितलं. भिंग, फोन, लिफ्टमधली बाई, सूप. मधे कुठे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं.

तिनं विचारलं, "पपांना माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"तरी ते दर मंगळवारी तुमच्यासमोर येऊन बसायचे?"

"हो."

ती उठून खिडकीपाशी गेली. म्हणाली की पपा दर सोमवारी संध्याकाळी स्वतः शर्ट इस्त्री करायचे. ती थट्टा करायची, कॅरम खेळायला एवढा थाट कशाला. तुम्ही म्हणायचात, "तिथे मला फार नीट बघतात." तिला वाटायचं, तुमचं तिथे कौतुक होतं. पाच वर्षं तिला तसं वाटत राहिलं.

मग ती वळली आणि म्हणाली, "वसंत गोविंदोविच, तुम्ही आता जा. चाळिसाव्या दिवशी येऊ नका."

ती रडत नव्हती. मी निघालो तेव्हा तुमच्यासारखीच दारात सरळ उभी होती.

मी तुमची माफी मागत नाही, मत्वेय इल्यिच. जिवंतपणी मागितली नाही, आता मागणं फार स्वस्त पडेल. मंडळातल्या लोकांना मात्र सांगतो. तुम्ही ज्या माणसाकडे वळून वळून बघितलंत, तो खरा होता. पदक खरं होतं. त्यावरचा नंबर दुसऱ्याचा होता आणि तो तसाच राहणार आहे. या सगळ्यात एकच खोटा माणूस होता, तो नऊशे चारमध्ये राहतो. कुणाला काही बोलायचं असेल तर मी घरीच असतो.

आणि लारिसा, तुला मराठी वाचता येत नाही, तरी लिहून ठेवतो. चाळिसावा दिवस पुढच्या महिन्यात, शनिवारी आहे. तू येऊ नका म्हणालीस, ते बरोबर आहे. मी येणार आहे. बोलणार नाही. आत घेतलं नाहीस तर बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा राहीन. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा येईन.